आव्हान आणि कृती : व्हिडिओ खेळांच्या रचनेविषयी काही विचार



या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिका मी गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा चाळल्या. संतवाङ्मय, होळकरांचा इतिहास, माळव्यातील लोकगीते, अशा भारदस्त विषयांच्या त्या पंगतीत ‘व्हिडिओ गेम’ हा विषय म्हणजे पुरणपोळीच्या ताटात कोणी चॉकलेट वाढून जावे तसा दिसेल, याची मला कल्पना आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी तो चाचरतच सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पोरं त्याच्या नादी लागलेलीच आहेत, निदान ते आहे तरी काय, हे आम्हाला कळू द्या.” त्यांच्या या उदार अनुज्ञेच्या बळावर मी आज आपल्यापुढे उभा आहे. ज्यांच्या स्मृतीनिमित्त आपण जमलो आहोत त्या सरांचा या विषयाशी काय संबंध, असेही काहींच्या मनात आले असेल. तो आहे, आणि ओघात मी तो सांगणार आहे.

गेली वीस वर्षे माझा उदरनिर्वाह खेळ रचण्यावर चालतो. खेळाची चित्रे काढणारे वेगळे, संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहिणारे वेगळे, संगीत देणारे वेगळे. माझे काम चारचौघांत सांगायला जरा अवघड. खेळणाऱ्यापुढे कोणती अडचण ठेवावी आणि ती ओलांडण्यासाठी त्याच्या हाती काय द्यावे, एवढेच मी ठरवतो. अडचणीला आमच्या व्यवसायात आव्हान म्हणतात. हाती जे द्यायचे त्याला कृती म्हणतात. या दोन शब्दांपलीकडे आज मी फारसे जाणार नाही.

सापशिडी आपण सर्वांनी खेळली आहे. फासे आपल्या हातून पडतात, पण पडायचे दान आपल्या हाती नसते. आपल्या जागी घरातल्या मांजराने पंजाने फासे ढकलले, तरी सोंगटी जायची तिथेच जाईल. सापशिडीत उत्कंठा आहे, दैवाचे दर्शन आहे. आव्हान मात्र नाही, कारण खेळणाऱ्याला करण्याजोगे काही ठेवलेलेच नाही. याउलट लंगडी पाहा. धावत जाऊन शिवणे ही कोणालाही येणारी गोष्ट. तीतून एक पाय काढून घेतला, मैदानाला सीमा आखून दिली, आणि तेवढ्याने एक नवा खेळ जन्माला आला. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याला पाटी सोडून पुढेमागे जाता येत नाही. ती एक मुभा काढून घेतल्याबरोबर बाकीच्यांना हुलकावणी देण्याची कला सुचली. आपल्या मैदानी खेळांचे हे अज्ञात रचनाकार फार शहाणे होते. आव्हान म्हणजे वाटेत आणखी दगड रचणे, असा नवशिक्यांचा समज असतो. पुष्कळदा ते खेळणाऱ्याच्या हातातील एखादी कृती काढून घेऊनच निर्माण होते.

व्याकरणाच्या तासाला आपल्याला शिकवले गेले की क्रियापदावाचून वाक्य पुरे होत नाही. खेळाचेही तसेच आहे. माझ्याकडे कोणी नव्या खेळाची कल्पना घेऊन आला की तो प्रथम कथा सांगू लागतो : एक राजपुत्र आहे, एक शापित नगरी आहे. मी त्याला विनंती करतो की राजपुत्र राहू द्या, क्रियापदे सांगा. खेळणाऱ्याने बोटाने काय करायचे? उडी? फेक? लपणे? थांबणे? पुष्कळांची कल्पना या प्रश्नापाशीच संपते.

अगदी थोड्या क्रियापदांत किती मोठा खेळ उभा राहतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८० साली जपानच्या नामको कंपनीने काढलेला, तोरू इवातानी यांनी रचलेला ‘पॅक-मॅन’. यंत्रावर खेळायला एक दांडा. तो चार दिशांना वळतो. झाडायला बंदूक नाही, उडी मारायला बटण नाही. सगळ्या खेळात वळणे हे एकच क्रियापद. चक्रव्यूहात २४० बारीक ठिपके आणि ४ मोठे ठिपके, एकूण २४४, ते सारे खायचे. आणि मागे चार भुते.

आता या चार भुतांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण सारी रचना तिथे आहे. चारही भुते सारखीच पाठीमागे लागती, तर थोड्या वेळाने त्यांची एक रांग झाली असती आणि खेळ म्हणजे नुसती पळापळ उरली असती. इवातानींनी चौघांना चार स्वभाव दिले. तांबडे भूत सरळ आपल्या पाठीवर येते. गुलाबी भूत आपण जिथे आहोत तिथे न येता, आपले तोंड ज्या दिशेला आहे तिकडे चार घरे पुढची जागा धरते, म्हणजे वाट अडवते. निळे भूत आपले स्थान आणि तांबड्या भुताचे स्थान या दोहोंवरून आपले लक्ष्य ठरवते. म्हणून ते नेमके कुठून येईल हे सांगणे कठीण. आणि नारिंगी भूत दूर असेपर्यंत चाल करून येते, पण आठ घरांच्या आत पोचले की आपल्या कोपऱ्याकडे परत फिरते. शाळेच्या मैदानावर असा एक भित्रा दांडगट प्रत्येकाला भेटलेला असतो! त्यात भर म्हणजे मधूनमधून चौघेही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात आणि आपल्याला श्वास घ्यायला सवड मिळते. नियम इतके साधे, की फळ्यावर चार ओळींत लिहून होतील. पण चार स्वभाव एकाच वेळी अंगावर आले की आपले ते एकमेव वळणे म्हणजे दरवेळी एक निर्णय होतो.

आव्हान नेहमीच असे विचारपूर्वक आखलेले असते असेही नाही. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी रांगा करून हळूहळू खाली उतरतात. आपण त्यांना टिपू लागलो की उरलेल्यांचा वेग वाढतो. हे मुळात ठरवलेले नव्हते. त्या काळच्या यंत्राला ५५ आकृत्या हलवताना दमछाक होई. आकृत्या कमी झाल्या की ते यंत्र आपोआप भरभर चाले. निशिकादोंनी ही उणीव दुरुस्त केली नाही, तशीच राहू दिली, कारण विजय जवळ येईल तसतसे काळजाचे ठोके वाढवणारी याहून चांगली युक्ती सुचली नसती. आपल्या हातून सहज झालेली चांगली गोष्ट ओळखता येणे, हेही रचनाकाराचेच कौशल्य.

आता मी ज्या खेळामुळे या धंद्यात आलो त्याकडे वळतो. १९९०च्या सुमारास इथे राजवाड्यामागच्या एका गल्लीत एक दुकान होते. दुकान कसले, एका काकांच्या घराची पुढची खोली. तीन दूरदर्शन संच आणि त्यांना जोडलेली जपानी यंत्राची नक्कल असलेली तीन खोकी. वर प्लास्टिकची एक डबी खोचायची. तिला आम्ही कॅसेट म्हणत असू. अर्ध्या तासाचे भाडे ठरलेले. “भैया, और पाँच मिनट,” ही आमच्या पिढीची सायंप्रार्थना होती! त्या डबीत होता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढलेला, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी रचलेला खेळ.

आमच्यापैकी कोणाला इंग्रजी धड येत नव्हते, जपानीचा तर प्रश्नच नव्हता. माहितीपत्रक कधी कोणी पाहिले नाही. तरीही पाच मिनिटांत प्रत्येक मुलगा खेळू लागे. हे कसे घडे, ते मला पुढे पंचवीस वर्षांनी उमगले. मियामोतो यांनी २०१५ साली एका मुलाखतीत पहिल्याच टप्प्याची उकल करून दाखवली, तेव्हा मी ती अनेकदा ऐकली.

खेळ सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो. उजवीकडे सारे मोकळे. कोणी न सांगता बोट उजवीकडचे बटण दाबते. चार पावले गेलो की वर एक चमकणारा ठोकळा, त्यावर प्रश्नचिन्ह. आणि समोरून एक बुटका, कपाळाला आठ्या घातलेला प्राणी चालत येतो. त्याला धडकलो तर मरण. पण मरण अगदी आरंभीच आलेले असते, गमावलेले काही नसते. पुन्हा खेळताना आपण उडी मारून पाहतो. उडी त्याच्या डोक्यावर पडली तर तो चिरडतो. चुकून वरच्या ठोकळ्याला लागली तर नाणे निघते. एका उडीच्या तीन उपयोगांपैकी दोन-तीन इथेच कळून चुकतात. पुढच्या ठोकळ्यातून एक अळंबे बाहेर पडते आणि उजवीकडे सरकू लागते. आपण नुकतेच शिकलो आहोत की हलणारी वस्तू घातक असते. मग हे अळंबे चांगले, हे कसे कळावे? रचनाकारांनी पुढे एक नळ उभा केला आहे. अळंबे खाली पडते, नळाला आपटते आणि उलटे फिरून आपल्याकडेच येते. भिऊन उडी मारावी, तर डोक्यावर विटा. जागा अशी बेतलेली की बहुतेक वेळा ते अंगावर आल्यावाचून राहत नाही. ते लागते आणि मारिओ एकदम मोठा होतो. एक अक्षर न लिहिता धडा संपला.

त्याच टप्प्यात पुढे आणखी एक जागा आहे. समोरासमोर दोन पायऱ्यांचे जिने, मध्ये फट. पहिल्या जोडीत फटीच्या तळाशी जमीन आहे. उडी चुकली तर फक्त खाली उतरतो, परत चढून प्रयत्न करता येतो. थोड्याच अंतरावर तशीच दुसरी जोडी, आणि तिथे मात्र मधे खड्डा. पहिली घटक चाचणी, दुसरी वार्षिक परीक्षा! पोहायला शिकवणारा जसा प्रथम कमरेएवढ्या पाण्यात उभा करतो, तसेच हे. मी अध्यापनशास्त्राचा विद्यार्थी नाही, पण पाठ कसा घ्यावा याचा याहून नेमका नमुना मी पाहिलेला नाही. आमच्या धंद्यात पहिला टप्पा सर्वांत शेवटी रचतात. पुढे काय विचारायचे आहे हे कळल्यावाचून पहिला धडा लिहिता येत नाही.

उडीविषयी एक गोष्ट राहिली. बटण किती वेळ दाबून धरले यावर मारिओच्या उडीची उंची ठरते, धावत आलो तर ती लांब पडते, आणि हवेत असतानाही किंचित मागेपुढे सरता येते. बटण एक, पण त्यातून अगणित उड्या. कृती अशी असली पाहिजे की ती शिकायला एक मिनिट लागावे आणि हातात बसायला एक महिना.

आता सरांकडे येतो. सर सौम्य नव्हते. त्यांच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्याला काय प्रसाद मिळे, ते या सभागृहातील पुष्कळांच्या स्मरणात असेल. पण त्यांची एक लकब होती, तिची खूण माझ्या जुन्या वह्यांत अजून आहे. बीजगणिताचे उत्तर चुकले तर ते फुली मारीत नसत. जिथून चूक सुरू झाली त्या पायरीपाशी तांबड्या शाईचा एक ठिपका देत, बस्स. सातव्या पायरीला उत्तर चुकलेले असे, ठिपका तिसरीपाशी. आठवीत मी गणितात दोनदा नापास झालो आणि हा विषय आपला नव्हे असे मनाशी ठरवून टाकले. त्याच वर्षी एका संध्याकाळी मी त्या गल्लीतल्या दुकानात असताना सर दारात उभे राहिले. हातपाय गार पडणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. ते काही बोलले नाहीत. एका खड्ड्यात मी लागोपाठ तीनदा पडलो, तोवर ते पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “हा खड्डा तुला दरवेळी का गिळतो रे?” मी पटकन म्हणालो, “सर, मी काठाशी थांबून उडी मारतो. लांबून धावत यायला पाहिजे.” सर म्हणाले, “मग वहीतल्या चुकीबद्दल विचारलं की ‘मला गणित येत नाही’ असं का सांगतोस?” आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा उल्लेखही नाही.

मी त्यानंतर गणितात चमकलो वगैरे काही नाही. जेमतेम काठावर पास झालो. पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला. ‘काठाशी थांबलो’ आणि ‘मला येत नाही’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात पुढची कृती दडलेली आहे. दुसऱ्यात काहीच नाही. हरलेल्याच्या तोंडी यांपैकी कोणते वाक्य येते, यावरून मी आज कोणत्याही आव्हानाची पारख करतो. ते सोपे की कठीण, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम.

‘टेट्रिस’ला सर्व वयाची माणसे का चिकटतात, याचे उत्तर मला इथेच सापडते. मॉस्कोतील अलेक्सी पाजितनोव यांनी तो १९८४ साली रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात. ते बाजूला सरकवणे, फिरवणे आणि खाली टाकणे एवढ्याच कृती. हा खेळ कोणी जिंकत नाही. प्रत्येक डाव पराभवातच संपतो, आणि तरीही अन्याय झाला असे कोणाला वाटत नाही. कारण नीट बसलेल्या ओळी पुसल्या जातात, आणि चुकून ठेवलेले भोक डोळ्यांसमोर तसेच राहते. पडद्यावर तांबडा ठिपका आपोआपच पडतो, म्हणा ना.

चूक खेळणाऱ्याची असावी आणि ती त्याला दिसावी, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात माणसाचा डोळा आणि बोट यांत थोडे अंतर पडते. कड्याच्या टोकावरून उडी मारताना पुष्कळांचे बटण क्षणभर उशिरा दाबले जाते, आणि ते मात्र शपथेवर सांगतात की आम्ही वेळेवर दाबले. म्हणून चांगल्या खेळांत एक गुप्त सवलत असते : पाय कडा सोडून गेल्यानंतरही सुमारे एक दशांश सेकंदापर्यंत उडी मान्य केली जाते. अमेरिकी व्यंगचित्रपटातील तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यापुढे हवेतच धावत राहतो, त्याच्यावरून हिला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. २०१८ साली आलेल्या ‘सेलेस्ट’ या अतिशय कठीण खेळात अशा अनेक सवलती पेरलेल्या आहेत. कठीण खेळाला औदार्याची गरज जास्त असते. तिथे एकही अन्याय्य मरण परवडत नाही.

मात्र सवलत कुठवर द्यावी, याविषयी माझे मन अजून द्विधा आहे. २००५ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या खेळात, खेळणारा वारंवार मरू लागला की यंत्र गुपचूप शत्रूंचा जोर कमी करते. खेळणाऱ्याला वाटते, आपण सुधारलो. हे ग्रेसचे गुण आहेत, पण गुणपत्रिकेवर न दाखवलेले. ‘सेलेस्ट’ने दुसरा मार्ग घेतला : तिथे मदतीची यादी उघडपणे समोर ठेवलेली आहे. वेग कमी करा, दमणे बंद करा, हवे तर मरणच बंद करा, निवड तुमची. मला हा उघडा मार्ग अधिक सभ्य वाटतो. पण माझ्या वडिलांना, त्यांच्या सत्तराव्या वर्षी, मी एक खेळ हाती दिला तेव्हा मीच त्यांच्या नकळत वेग कमी केला होता, हेही इथे कबूल केले पाहिजे. ते जिंकले तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहून मला अपराधी वाटले आणि आनंदही झाला.

आव्हानाला एक किंमत असते. हरल्यावर काय गमवायचे, ती. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर ती किंमत खरोखरच नाणे होती, म्हणून ते खेळ कठीण. गिऱ्हाईक लवकर हरले तर पुढचे नाणे लवकर पडे. मारिओ घरी खेळायचा असूनही आरंभी तीनच जीव मिळतात, ते त्या नाण्याच्या काळातून आलेले. ‘सेलेस्ट’मध्ये मेलात तर क्षणार्धात त्याच पडद्यावर पुन्हा उभे राहता, गमावता ती केवळ काही सेकंदे. आणि २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’त पाच जीव मिळतात, ते संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास थांबायचे, किंवा पैसे मोजायचे. नाणे परत आले. फरक एवढाच की यंत्र गल्लीत असताना खिसा रिकामा झाला की आम्ही घरी जात असू; आता यंत्रच घरी आहे, आणि खिसा वडिलांचा.

इथे मला स्वतःविषयी सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत लहान मुलांसाठी फोनवरचा एक खेळ रचत होतो. एक खार नदीवर तरंगणाऱ्या पानांवरून उड्या मारत पैलतीराला जाते. नदीच्या मध्यावर मी एक पान असे ठेवले की खार त्यावर टेकताच ते बुडे. दिसायला ते इतर पानांसारखेच. मला ही फार चतुर कल्पना वाटली होती. खेळ तपासायला आम्ही काही मुलांना बोलावले. त्यांत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. ती त्या पानावर नऊ वेळा बुडाली. नवव्या वेळेनंतर तिने फोन शांतपणे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “मला असले खेळ येतच नाहीत.”

रागावली असती तर बरे झाले असते. ती त्या पानाला दोष देत नव्हती, मला देत नव्हती. ज्या वाक्यातून सरांनी मला एका संध्याकाळी बाहेर काढले होते, ते वाक्य मी स्वतःच्या हाताने एका मुलीच्या तोंडी घातले होते.

त्याच संध्याकाळी बैठकीत एका वरिष्ठांनी नोंद घेतली की नऊ वेळा हरूनही मुलगी बसून होती. तेव्हा नवव्या बुडीनंतर पूल विकायला ठेवावा. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे गणित चुकीचे नव्हते. पण त्या गणितात माझ्या आव्हानाचे काम बदलत होते. पूल विकायचा असेल तर पान फसवेच राहिले पाहिजे. ते ओळखता आले तर पूल घेणार कोण? मी पुष्कळ वाद घातला. पूल अखेर आलाच. नवव्याऐवजी पंधराव्या बुडीनंतर, आणि पान बदलण्याची परवानगी मला मिळाली, एवढीच तडजोड मला साधली. ती करायला नको होती असे म्हणणारे सहकारी होते, आणि आज मला त्यांचे म्हणणे बरेचसे पटते.

रचनाकाराने आखलेल्या मर्यादेपलीकडे खेळणारा कधी कधी स्वतःहूनही जातो, तेही जाता जाता सांगतो, नाहीतर या गोष्टीत आम्हीच सगळे ठरवतो असे वाटायचे. निन्टेंडोच्या १९८९ सालच्या टेट्रिसमध्ये २९व्या पातळीला आकार इतक्या वेगाने पडू लागतात की अंगठ्याने बटण दाबून धरून ते कडेला नेणेच शक्य होत नाही. तीच खेळाची अखेर असे वर्षानुवर्षे मानले गेले. मग काही खेळाडूंनी बटणावर अंगठा नुसता टेकवून, हातातील नियंत्रकाच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरवावी तशी फिरवायला सुरुवात केली. बटण तेच, कृती नवी. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने १५७वी पातळी गाठली, आणि तिथे यंत्रच थिजले. पाजितनोवांनी वा निन्टेंडोने ही कृती त्याच्या हाती दिलेली नव्हती.

आमच्या नदीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. नदीची रुंदी मी कमी केली नाही. बुडणाऱ्या पानाची कड तपकिरी केली, आणि खार टेकण्याच्या बेतात असताना ते पान किंचित थरथरेल असे केले. त्यावर टेकूनही चटकन दुसरी उडी मारली तर सुटता येईल, एवढी सवड ठेवली. आणि असेच एक पान अगदी अलीकडच्या काठाशी, घोटाभर पाण्यात ठेवले. तिथे बुडले तर खार नुसती भिजते, अंग झटकते आणि परत काठावर येते. पंधरा दिवसांनी मुले पुन्हा आली, त्यांत तीही होती. काठाजवळच्या पानावर ती भिजली आणि हसली. मध्यावरच्या पानावर मात्र पुन्हा बुडाली. एकदा, दोनदा, चारदा. मी मागे उभा होतो. पाचव्या वेळी खार पाण्यात गेली तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, “अगं, उगाच थांबले मी तिथे,” आणि माझ्याकडे न पाहता तिने पुन्हा बटण दाबले.